गोदाम क्रमांक चारमधील विष उचलण्याबाबत आणि मुकादमाविषयी खरे सांगण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य गोदाम अधिकारी,
धान्य साठवण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

विषय : गोदाम क्रमांक चारमध्ये ठेवलेले निळे विष आज दुपारी चारच्या आत उचलण्याचा आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) ‘शेपटी अथवा कवटी’ हे आपले परिपत्रक.
२) अर्जदारास सलग नऊ वर्षे मिळालेले ‘उत्कृष्ट मूषक निर्मूलक’ हे मानचिन्ह.
३) अर्जदाराने अकरा वर्षे बाळगलेले मौन, ज्यास जावक क्रमांक नाही.

महोदय,

आपण चहा घेत असाल तर तो आधी संपवावा, ही पहिली विनंती. सोबत एक डबी जोडली आहे आणि ती उघडल्यावर चहा घशाखाली उतरणार नाही.

१. अर्जदार हा गोदाम क्रमांक चार येथे मूषक निर्मूलक या पदावर अकरा वर्षे काम करीत आहे. खाली तो जे निवेदन करणार आहे ते वाचून आपल्या तळपायाची आग मस्तकात जाईल, याची त्याला पूर्ण कल्पना आहे. ती जरूर जाऊ द्यावी. फक्त अर्ज शेवटपर्यंत वाचून आदेशावर सही झाल्यावर जाऊ द्यावी, कारण वेळ थोडा आहे.

२. अर्जदाराला उंदराची भीती वाटते. ही बाब त्याच्या सेवापुस्तकात नाही. मुलाखतीच्या वेळी कोणी विचारले नाही, आणि न विचारलेली गोष्ट आपण होऊन सांगण्याइतका अर्जदार खुळा नव्हता. नेमणूक झाल्यावर त्याला वीस पिंजरे, एक काठी आणि एक बॅटरी देण्यात आली. नियम असा, की मारलेल्या उंदरांच्या शेपट्या दहा-दहाच्या जुड्या बांधून महिनाअखेरीस भांडार लिपिकांकडे जमा कराव्यात. पहिल्या महिन्यात अर्जदाराने नऊ शेपट्या जमा केल्या. त्यांतल्या सहा आपोआप मेलेल्या उंदरांच्या होत्या, उरलेल्या तीन हमालांनी मारलेल्यांच्या. दुसऱ्या महिन्यात चार. तिसऱ्या महिन्यात ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आणि अर्जदाराची पाचावर धारण बसली. खरे कारण दाखवायचे म्हटले, तर पिंजऱ्यात उंदीर सापडला की अर्जदार टेबलावर चढून बसतो, हे दाखवावे लागले असते.

३. त्याच सुमारास अर्जदाराला सतराव्या थप्पीच्या मागे, छताच्या तुळईच्या बरोबर खाली, काळ्या चकचकीत गोळ्यांचा ढीग आढळला. एकेक गोळा अंगठ्याएवढा. ही कसली घाण म्हणून तो केरात टाकणार होता, पण नोटिशीने डोके ठिकाणावर नसल्यामुळे दोन गोळे खिशात राहिले आणि घरी आले. अर्जदाराची पत्नी शिवणकाम करते. कपडे धुवायला घेताना तिला ते सापडले. आधी तिने अर्जदाराचा चांगलाच उद्धार केला, मग चष्मा लावून सुईने गोळा सोडवायला घेतला. आत केस होते, बारीक हाडे होती आणि एकामागून एक चार कवट्या निघाल्या. पिवळे दात असलेल्या, उंदरांच्या. पत्नीने त्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. मग म्हणाली, ‘अहो, तुमचं काम दुसरंच कोणीतरी करतंय.’

४. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने बॅटरी वर मारली. तुळईवर पांढऱ्या तोंडाचे एक घुबड बसले होते आणि अत्यंत नाराजीने त्याच्याकडे पाहत होते. शेजारी दुसरे. ही गव्हाणी घुबडांची जोडी. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे, केस यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देते, हे अर्जदाराला नंतर समजले. नर दिवसभर वर बसून खालच्या सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघायचा आणि स्वतः काडी हलवायचा नाही, म्हणून हमालांनी त्याचे नाव मुकादम ठेवले. मादी साहजिकच मुकादमीण झाली. घुबड अशुभ असते, हाकलून द्या, असेही एका हमालाने सुचवले होते. अर्जदाराने त्याला सांगितले, की नोटीस त्याहून अशुभ असते.

५. एकच अडचण होती. गोळ्यात कवटी अख्खी मिळते, शेपटीचे मात्र नुसते मणी-मणी होऊन जातात आणि त्यांची जुडी बांधता येत नाही. सबब अर्जदाराने आपल्या कार्यालयास विचारणा केली, की शेपटीऐवजी कवटी चालेल का. सात महिन्यांनी संदर्भ एकचे परिपत्रक निघाले : शेपटी अथवा कवटी, परंतु एका उंदरामागे दोन्ही ग्राह्य धरता येणार नाहीत. ही कवटी आली कुठून, असे या सात महिन्यांत सात टेबलांवर कोणीही विचारले नाही. अर्जदार तेव्हा देवाचे आभार मानत होता. आज त्याला वाटते, की एकाने तरी विचारायला हवे होते.

६. त्यानंतरचे आकडे आपल्या दफ्तरी आहेतच. पहिल्या महिन्यात एकशे त्रेचाळीस. पिल्ले असली की तीनशेच्या वर. पत्नी रोज स्वयंपाकघराच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून चिमट्याने कवट्या मोजायची आणि वहीत लिहायची. मान मोडून ती काम करायची आणि मान ताठ करून अर्जदार फिरायचा. मानचिन्ह पहिल्यांदा मिळाले तेव्हा अर्जदाराने ते घरी आणून दाखवले. पत्नी म्हणाली, ‘छान आहे. मुकादमाला दाखवलंत का?’ अर्जदाराने हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षीही तिने हेच विचारले, आणि तिसऱ्या वर्षी विचारायचे सोडून दिले.

७. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट येथे नमूद करणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी आपण स्वतः अर्जदारास सर्व गोदामांच्या मूषक निर्मूलकांपुढे ‘माझी कार्यपद्धती’ या विषयावर बोलण्यास सांगितले. अर्जदाराने नाही म्हणायला हवे होते. त्याऐवजी तो चाळीस मिनिटे बोलला. उंच जागी बसावे. हालचाल करू नये. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवावा. मग वरून, पंखाचाही, म्हणजे पावलाचाही आवाज न करता झडप घालावी. टाळ्या पुष्कळ पडल्या. पुढच्याच आठवड्यात गोदाम क्रमांक सातच्या निर्मूलकाने पोत्यांच्या थप्पीवरून झडप घातली आणि त्याचा घोटा मोडला. अर्जदार त्याला भेटायला गेला असता त्याने पलंगावरूनच विचारले, ‘दादा, उतरताना पाय आधी टेकवायचे की हात?’ अर्जदाराने सांगितले, पाय. याबद्दल अर्जदार त्याची माफी वेगळ्या अर्जाद्वारे मागणार आहे.

८. आता मूळ मुद्दा. या महिन्याच्या दोन तारखेस आपल्या कार्यालयाने अर्जदाराच्या कामगिरीवर खूश होऊन त्याच्या हाताला बळ मिळावे म्हणून निळ्या विषाच्या साठ पुड्या पाठवल्या. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की एकटा माणूस एवढे करतो, तर विषाची जोड मिळाल्यास काय करील. अर्जदाराने पत्र वाचून वर तुळईकडे पाहिले. हे विष कशात जाणार आणि तिथून कशात जाणार, हे कळायला शाळेची गरज नव्हती. पण ‘विष नको’ म्हणायचे तर ‘का नको’ सांगावे लागणार, आणि ते सांगितले की नऊ मानचिन्हे, परिपत्रक, चाळीस मिनिटांचे भाषण, सगळेच उघड्यावर येणार. अर्जदार मूग गिळून बसला. भांडार लिपिकांनी स्वतः येऊन साठ कोपऱ्यांत साठ पुड्या ठेवल्या आणि प्रत्येक कोपऱ्याला खडूने क्रमांक दिला. अर्जदाराने त्यांना बॅटरी धरून उजेड दाखवला. ही बॅटरी धरल्याचे त्याला आजन्म वाईट वाटेल.

९. या विषाची तऱ्हा अशी आहे, की ते खाऊन उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस तो झिंगल्यासारखा, भरदिवसा, उघड्यावर हिंडतो, आतल्या आत रक्त सुटते आणि मग मरतो. म्हणजे घुबडाला आयते पान वाढून ठेवल्यासारखेच. दुसऱ्या आठवड्यात पत्नीच्या वहीत आजवरची सर्वांत मोठी संख्या पडली. आपल्या कार्यालयाने अभिनंदनाचे पत्र पाठवले, ते अर्जदाराला अठरा तारखेस मिळाले. एकोणीस तारखेस सकाळी साडेनऊ वाजता मुकादम तुळईवरून खाली पडला.

१०. अर्जदार तेव्हा तिथेच होता. सतराव्या थप्पीवर मुकादम पंख पसरून पालथा पडला होता. चोचीतून रक्त येत होते. अकरा वर्षांत अर्जदाराने त्याला कधी हात लावला नव्हता. टोपी काढून त्याला तीत घेतले, तर एवढा मोठा दिसणारा पक्षी हाताला काहीच वजन लागेना. त्याने अर्जदाराकडे एकदा नेहमीच्याच नाराजीने पाहिले. मग पाहिले नाही. अर्जदार पोत्यावर बसून मोठ्याने रडला, आणि हमाल काम थांबवून उभे राहिले. ज्याने घुबड हाकलायला सांगितले होते, त्यानेच आपले पागोटे सोडून त्यात मुकादमाला गुंडाळले.

११. भांडार लिपिक आले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांच्या नोंदवहीत रकाना नसेल ती गोष्ट त्यांना दिसत नाही. गोदामात आढळलेले मृत प्राणी, या सदरात उंदीर, साप, मांजर आणि इतर असे चार रकाने आहेत. त्यांनी ‘इतर’ खाली एक लिहिले आणि अर्जदाराची सही घेतली. मुकादमाने अकरा वर्षे एकही रजा न घेता काम केले आणि शेवटी ‘इतर’. अर्जदाराने सही केली, कारण तोवर तो भित्राच होता.

१२. त्याच दुपारी अर्जदाराने अकरा पुड्या उचलून कुलूपबंद पेटीत ठेवल्या. संध्याकाळी लिपिकांनी कोपरे मोजले, पेटी उघडायला लावली आणि पुड्या खडूच्या क्रमांकाबरहुकूम परत ठेवल्या. म्हणाले, ‘अहो, पुड्या उंदरांसाठी आहेत, तुम्ही कशाला हात लावता?’ विष उचलायचे असल्यास त्याचा छापील नमुना आहे. त्यात कारणे तीनच छापली आहेत : उंदीर संपले, विष संपले, अथवा गोदाम कोसळले. यांपैकी एकावर खूण करावी, चौथे कारण लिहिल्यास नमुना रद्द समजावा. अर्जदाराने तिसऱ्या कारणाचा दोन दिवस गंभीरपणे विचार केला. तुळया पाहिल्या, खांब ठोकून पाहिले. बांधकाम फारच मजबूत आहे. सबब नमुन्याबाहेरचा आदेश देण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्या आपल्यापर्यंत येण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

१३. मागे मुकादमीण आणि चार पिल्ले आहेत. थोरले चौतीस दिवसांचे, धाकटे सत्तावीस. उडायला साधारण साठ दिवस लागतात. मुकादमीण एकटी जाते आणि जे हाती लागेल ते आणते, आणि जे सहज हाती लागते ते विष खाल्लेलेच असते. तिला निळी पुडी वाचता येत नाही. तिने काय करावे, अशी आपल्या कार्यालयाची अपेक्षा आहे, हे अर्जदाराला समजत नाही.

१४. म्हणून एकवीस तारखेपासून अर्जदार त्यांना बिनविषारी उंदीर पुरवतो. पत्नीच्या थोरल्या बहिणीची बेकरी आहे. तिच्या मैद्याच्या कोठारात अर्जदार पिंजरा लावून बसतो. पहिला उंदीर सापडला तेव्हा तो सवयीने टेबलावर चढला. मेहुणी खाली उभी राहून म्हणाली, ‘भावोजी, तुम्हाला नऊ बक्षिसं कशाबद्दल मिळाली म्हणालात?’ दुसऱ्या उंदराला तो टेबलावर चढला नाही. पाचवा त्याने स्वतःच्या हाताने शेपटीला धरून उचलला, डोळे मिटून का होईना, पण उचलला. आजवर एकूण सात. अकरा वर्षांच्या सेवेत अर्जदाराने स्वतः मारलेले हे उंदीर असून त्यांच्या शेपट्या मागू नयेत, त्या पिल्लांनी खाल्ल्या. उंदीर तो पत्र्याच्या डब्यातून बसने आणतो. शेजारच्या प्रवाशाने डब्यात काय आहे असे विचारले, तेव्हा ‘जेवण’ असे सांगितले. हे अर्जदाराने बऱ्याच दिवसांनी बोललेले पहिले खरे वाक्य होय.

१५. परंतु सात उंदरांनी पाच जीव जगत नाहीत. आज सकाळी सर्वांत धाकटे पिल्लू खाली पडलेले आढळले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चोच उघडून पाहिली, आत रक्त सुटल्याने जीभ पांढरी पडली होती. त्यांनी इंजेक्शन दिले आणि अर्जदाराला फैलावर घेतले. ‘मी औषध देईन, रोज देईन, पण खाणं तेच राहिलं तर मी काय देव आहे का? आधी विष उचला आणि मग माझ्याकडे या.’ याला तीन तास झाले. दुसरीकडे भांडार लिपिकांचा निरोप आहे, की पहिल्या खेपेचा निकाल उत्तम लागल्याने आज दुपारी चार वाजता विषाच्या आणखी साठ पुड्या ठेवल्या जातील. अर्जदाराने बॅटरी घेऊन हजर राहावे.

१६. अर्जदार बॅटरी घेऊन हजर राहणार नाही. त्याची मागणी पुढीलप्रमाणे आहे. जुन्या पुड्या उचलाव्यात आणि नव्या ठेवू नयेत, आणि हा आदेश समितीकडे पाठवू नये. समिती सात महिने घेते, हे वर आलेच आहे. नऊ मानचिन्हे परत घेऊन ती मुकादमाच्या नावे नोंदवावीत आणि ‘इतर’ खालची नोंद दुरुस्त करावी. तेथे ‘मूषक निर्मूलक’ असे लिहावे, कारण गोदामात खरा मूषक निर्मूलक तोच होता. त्याच्या जागेवर मुकादमिणीची नेमणूक व्हावी. तिला अकरा वर्षांचा अनुभव आहे, गणवेश लागत नाही, रात्रपाळी चालते आणि कार्यालयीन वेळेत ती कोणाशी गप्पा मारत नाही. लेखी परीक्षेची अट शिथिल करावी.

१७. एका गोदामात एकच पद मंजूर आहे, असा आक्षेप भांडार लिपिक घेतील, आणि तो बरोबर असेल. तेव्हा अर्जदाराचे पद काढून घ्यावे. फसवणुकीबद्दल जी काय कारवाई व्हायची ती व्हावी, अर्जदार जबाब फिरवणार नाही. काल त्याने पत्नीला हे सांगितले तेव्हा घर कसे चालणार, हा विचार तिच्याही मनात आला असणारच. पण ती एवढेच म्हणाली, ‘सांगून टाका एकदाचं. मी शिलाईचं काम वाढवीन. मानेचं दुखणं तर मला कवट्या मोजूनच लागलंय.’ हा अर्ज तिने वाचला असून अर्जदाराची बाजू बरी दिसावी म्हणून लिहिलेली दोन वाक्ये तिने खोडली आहेत. ती खाडाखोड अधिकृत समजावी.

१८. टपालाने हा अर्ज आपल्या टेबलावर यायला बारा दिवस लागतात, म्हणून अर्जदार तो स्वतः घेऊन आला आहे आणि आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसला आहे. आत जो आवाज येत असेल, कुकरची शिट्टी अर्धवट अडकल्यासारखा, तो अर्जदाराच्या पोटाचा नाही. आपल्या शिपायाने दोनदा विचारले. कृपया त्याला रागावू नये, त्याने आतापर्यंत बाहेर काढलेले नाही.

आजवर सर्व बाबतींत आज्ञाधारक, या एका बाबतीत नसलेला,

(सही)
मूषक निर्मूलक, गोदाम क्रमांक चार
(नावापुरता)

दिनांक : सव्वीस. वेळ : दुपारचा दीड.

सोबत :
१) मानचिन्हे, नऊ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर्तमानपत्र कवट्या मोजायचेच आहे, डाग जुने आहेत.
२) पत्नीची वही, अकरा वर्षांची. अक्षर तिचे, सह्या अर्जदाराच्या.
३) मुकादमाने टाकलेला शेवटचा गोळा, डबीत. पत्नीला तो फोडायचा धीर झाला नाही. आत किती कवट्या आहेत ते आपणच मोजावे. सुई जोडली आहे.
४) टोपली, एक. अर्जाला टाचता येत नसल्याने अर्जदाराच्या मांडीवर. आत पिल्लू, एक, जिवंत. पोच देताना बाहेर येऊन स्वतः पाहावे आणि तसेच लिहावे.